दंतवैद्यकाच्या प्रात्यक्षिकांत ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी: कोणत्या कौशल्यासाठी वापरावी आणि कधी बंद करावी?

फँटमलॅब_कोल्हापूर (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दंतमहाविद्यालयात बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाची प्री-क्लिनिकल, म्हणजे रुग्णावर काम करण्याआधीची, प्रात्यक्षिके घेते. येत्या शैक्षणिक वर्षासाठी आमच्या प्रयोगशाळेला उपकरणखरेदीचा काही निधी मंजूर झाला असून त्यातून ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचे (एआर, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र उमटवणारे) दोन चष्मे घ्यावेत, असा व्यवस्थापनाचा विचार आहे. माझे मत लेखी मागवले आहे. ते देण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे, तंत्र जाणणाऱ्यांचे आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांचे म्हणणे समजून घ्यावे, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

आधी अडचण कुठे आहे ते सांगते. फँटम हेडमध्ये (सरावाच्या कृत्रिम डोक्यात) बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दातावर विद्यार्थी पहिल्यांदा एअर रोटर (दात कोरण्याचे यंत्र) चालवतो, तेव्हा पृष्ठभागाखाली काय आहे याची त्याला काहीही कल्पना नसते. खालच्या पहिल्या दाढेत क्लास टू कॅव्हिटी (दोन दातांमधल्या बाजूपर्यंत जाणारा, भरण्यासाठी कोरलेला खड्डा) करताना तळ दीड ते दोन मिलिमीटर खोल असावा, हे त्याने पाठ केलेले असते; पण दीड मिलिमीटर म्हणजे बरच्या (रोटरच्या फिरत्या पात्याच्या) टोकाचा नेमका केवढा भाग, हे त्याच्या बोटांना ठाऊक नसते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने अतिशय सुबक, गुळगुळीत भिंतींची कॅव्हिटी करून माझ्यासमोर धरली. मी प्रोब (खोली मोजण्याची खुणांची सळई) आत उभा केला, तर तळ साडेतीन मिलिमीटरवर होता. खऱ्या दातात एवढ्या खोलीवर पल्प (दाताच्या आतला नसांचा गाभा) अगदी जवळ आला असता. तिला मात्र चूक कळेना, आणि त्यात तिचा दोष नव्हता, कारण त्या प्लॅस्टिकच्या दातात इनॅमल, डेंटिन (दाताचे बाहेरचे व मधले थर), पल्प असे काहीच नसते. वरपासून खालपर्यंत एकच पांढरा पदार्थ असतो.

आमच्याकडे चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागांतून मराठी माध्यमातून शिकून आलेली पुष्कळ मुले आहेत. पुस्तकातील आकृती सपाट, तिच्यावरील शब्द इंग्रजी आणि दात मात्र तोंडात आडवा-तिडवा, या तिन्हींची सांगड घालताना त्यांची फार ओढाताण होते. वरच्या दाढेत कॅनलची (मुळांतील नलिकांची) तोंडे शोधताना "मॅडम, हे आत नक्की कुठल्या बाजूला येतं?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. खऱ्या दातावरच आतली रचना उमटलेली दिसली तर हा प्रश्न सुटेल, अशी माझी मनापासून आशा आहे.

विक्रेत्यांनी प्रात्यक्षिक दाखवले तेव्हा हवेत फुटबॉलएवढा दात फिरताना पाहून आम्ही सगळेच हरखून गेलो. मग मी विनंती केली की, हेच चित्र फँटम हेडमधल्या दातावर बसवून दाखवावे. क्षणभर ते नीट बसले. पण मी काम करताना वाकते तशी वाकले आणि चित्र जवळजवळ अर्ध्या दाढेच्या रुंदीइतके गालाकडे सरकले. पुन्हा जुळवणी केली, पुन्हा तेच झाले. म्हणून विचारते: असे चष्मे दात कोरण्याच्या सरावाला उपयोगी पडतील का? खालच्या जबड्याची भूल देणे किंवा अडकलेली अक्कलदाढ काढणे या शस्त्रक्रियांच्या शिक्षणात त्यांचा कितपत आधार घेता येईल? आणि जी शंका मला सर्वांत जास्त छळते ती ही, की चित्र पाहून शिकलेला हात चित्र नसताना चालेल का?

मुखशल्य_राजारामपुरी

मॅडम, प्रश्न फार नेमका विचारलात. चित्र का सरकते ते अभियंते अधिक चांगले सांगतील. मी आपल्या कामाच्या अंतराबद्दल आणि भुलेबद्दल लिहितो.

या क्षेत्रातील बऱ्याच प्रयोगांत मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स वापरला गेला. त्याची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये आली. या चष्म्यातील प्रतिमेचे प्रकाशीय अंतर सुमारे २ मीटरवर कायम केलेले आहे आणि प्रतिमा साधारण सव्वा ते ५ मीटर अंतरावर ठेवावी, असे कंपनीचेच मार्गदर्शन आहे. आपण रुग्णाच्या तोंडापासून ३५ ते ४५ सेंटिमीटरवर काम करतो. म्हणजे बरच्या टोकावर नजर स्थिर केली की चित्र धूसर होते, आणि चित्रावर स्थिर केली की बर धूसर होतो. दोन्ही डोळे जवळ वळलेले आणि भिंग मात्र दूरवर जुळलेले, या ताणाने अर्ध्या तासात डोके दुखू लागते. त्यातच दुसऱ्या आवृत्तीचे वजन ५६६ ग्रॅम आहे आणि आपली मान दिवसभर पुढे वाकलेली असते. डेंटल चेअरच्या दिव्याच्या प्रखर झोतात असली पारदर्शक चित्रे फिकी पडतात, हाही अनुभव येईल. शिवाय त्या चष्म्याचे उत्पादन कंपनीने २०२४ मध्ये थांबवले आहे, तेव्हा कोणी शिल्लक साठा देऊ करत असेल तर दुरुस्ती आणि सुटे भाग यांबद्दल लेखी हमी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता भुलेविषयी, कारण माझ्या मते या तंत्राचे सर्वांत मोठे शैक्षणिक मोल इथेच आहे. मँडिब्युलर ब्लॉक (खालच्या जबड्याच्या नसेला भूल) देताना विद्यार्थी अंगठा कोरोनॉइड नॉचवर (जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेवरील खाचेवर) ठेवतो, टेरिगोमँडिब्युलर घडी (दाढांमागची उभी घडी) ओळखतो, सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर (लहान दाढेवर) आणतो आणि दातांच्या चावण्याच्या पातळीपेक्षा ६ ते १० मिलिमीटर वर सुई टोचतो. सुमारे २० ते २५ मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागले पाहिजे. सुई निम्मीही आत गेली नसताना हाड लागले तर आपण फार पुढे आहोत; २५ मिलिमीटरपुढेही हाड लागले नाही तर फार मागे आहोत आणि औषध पॅरोटिड ग्रंथीत (कानापुढच्या लाळग्रंथीत) उतरून काही तासांसाठी चेहरा वाकडा होण्याचा धोका आहे. हे सारे शिक्षक तोंडाने सांगतो, विद्यार्थी मान डोलावतो. पण ज्या लिंग्युलाच्या (नस हाडात शिरते तेथील हाडाच्या टोकाच्या) मागे त्याला पोहोचायचे आहे, ती जागा त्याने फक्त कोरड्या हाडावर पाहिलेली असते, तीही हाड हातात उलटे धरून. फँटमच्या गालाआड तोच रॅमस (जबड्याचे उभे हाड), तीच लिंग्युला आणि तीच नस आपापल्या जागी दिसली, तर "सुई तिरपी का धरायची" हे एका दृष्टिक्षेपात उमगते. हे समजण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरची अचूकता लागत नाही. म्हणून शरीररचना दाखवणे हा या तंत्राचा सुरक्षित उपयोग आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

मात्र रुग्णावर हेच करायचे म्हटले की एक अडचण उभी राहते आणि ती बरेच विक्रेते सांगत नाहीत. खालचा जबडा हलतो. स्कॅन घेताना तोंड जवळजवळ मिटलेले असते आणि भूल देताना ते पूर्ण उघडलेले असते. चित्र कपाळाशी किंवा वरच्या जबड्याशी जखडलेले असेल, तर तोंड उघडताच लिंग्युलाची जागा बदललेली असते आणि चित्रातली जागा चुकीची ठरते. खूण खालच्याच दातांवर पक्की बसवली पाहिजे. याशिवाय सीबीसीटीमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनमध्ये) हाड चांगले दिसते, पण स्नायू आणि रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत, हेही ध्यानात असावे. केवळ शिकवण्यासाठी कोणा रुग्णाला किंवा विद्यार्थ्याला क्ष-किरणांखाली बसवणे तर सर्वथा गैर आहे. उपचारासाठी आधीच घेतलेले स्कॅन, ओळख पुसून आणि संमती घेऊन वापरावेत.

इम्प्लांटच्या (कृत्रिम दातासाठी हाडात स्क्रू बसवण्याच्या) शस्त्रक्रियेत एक्स-गाइड, नॅव्हिडेंट यांसारख्या डायनॅमिक नेव्हिगेशनच्या प्रणाली आज वापरात आहेत. त्यांत कॅमेरा हँडपीस आणि जबडा या दोहोंचा माग ठेवतो व ड्रिलची जागा स्कॅनवर पडद्यावर दाखवतो. तिथे शल्यचिकित्सक तोंडाकडे न पाहता पडद्याकडे पाहतो. ते चित्र पडद्यावरून उचलून थेट तोंडावर आणावे, ही एआरची आकांक्षा आहे.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या शेवटच्या शंकेशी जोडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी मटणाच्या दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या जबड्यावर अशा प्रणालीने ड्रिल करत होतो. पडद्यावरची हिरवी रेषा आणि ड्रिलचा अक्ष एकमेकांवर तंतोतंत ठेवण्यात मी इतका गुंतलो, की सलाइनची नळी निसटून पाणी कधी थांबले ते मला कळलेच नाही. शेजाऱ्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा जळक्या हाडाचा वास माझ्या नाकात शिरला. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट हाड तापले की त्याला इजा पोहोचू लागते, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो. टोरांटोच्या शल्यचिकित्सकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच आढळले होते: एंडोस्कोपच्या दृश्यावर मार्गदर्शक चित्र असणाऱ्यांनी लक्ष्य अधिक अचूक गाठले, पण नजरेसमोरच आलेली अनपेक्षित गोष्ट त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या लक्षात आली नाही. चित्र डोळ्यांना जेवढे देते, तेवढेच कुठून तरी काढूनही घेते.

उद्यमनगरकर

मी दंतवैद्य नाही. उद्यमनगरात आमचे यंत्रभागांचे छोटे युनिट आहे आणि गेली काही वर्षे मोजमाप व थ्रीडी प्रिंटिंगचे काम करतो. डॉक्टरांच्या लिहिण्यावर तंत्राच्या बाजूने भर घालतो.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी हा शब्दच मुळी कारखान्यातून आलेला आहे. बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ च्या त्यांच्या निबंधात, विमानातील तारांची जुडगी बांधणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठून न्यायची हे चष्म्यातून दिसावे, अशी कल्पना मांडली होती. म्हणून आमच्यासारख्यांना यातला मुख्य प्रश्न ओळखीचा वाटतो: जॉबचा डेटम कोणता, म्हणजे ज्या भागावर काम करायचे त्याचे मोजमाप कोणत्या पक्क्या जागेपासून धरायचे?

मॅडम, तुमचे चित्र सरकले, कारण तो चष्मा बहुधा खोलीतील भिंती-टेबलांवरून आपली जागा ओळखत होता, दातावरून नव्हे. खोलीत टेबल दाखवायला ही पद्धत पुरेशी आहे, दाढेला नाही. तुम्ही वाकलात, कॅमेऱ्यासमोरचे दृश्य बदलले, आणि त्याच्या हिशोबात काही मिलिमीटरचा फरक पडला. उपाय असा, की कॅमेऱ्याला ओळखता येईल असा काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा ठसा थेट त्याच जबड्याला, स्क्रूने किंवा दातांवर बसणाऱ्या टोपीने, घट्ट जोडावा. असे ठसे ओळखण्याची सोय ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे.

ठसा शक्य तितका कामाच्या दाताजवळ हवा. ठसा ओळखताना केवळ १ अंशाची चूक झाली आणि दात ठशापासून ६० मिलिमीटर दूर असला, तर दातापाशी ती चूक १ मिलिमीटरहून थोडी जास्तच भरते. इम्प्लांटचे टोक आणि नसेचा कालवा यांत २ मिलिमीटर अंतर राखतात असे माझ्या वाचनात आहे. म्हणजे सुरक्षिततेचे निम्मे अंतर एका अंशात खर्ची पडले.

दुसरी गोष्ट विक्रेत्याला जरूर विचारा. ते "आमची जुळवणी ०.३ मिलिमीटरची आहे" असा आकडा दाखवतात, तो बहुतेक वेळा ज्या बिंदूंवर जुळवणी केली त्याच बिंदूंवरील उरलेली चूक असते. आपल्याला हवी ती लक्ष्यावरील चूक, आणि पहिली लहान असली म्हणून दुसरी लहान असेलच असे मुळीच नाही. जिगवर (जॉब पक्का धरणाऱ्या साच्यावर) चार पिनांत जॉब चपखल बसला, तरी पाचवे भोक जागेवर आहे की नाही हे ते वेगळे मोजूनच कळते. तसेच जुळवणीसाठी न वापरलेले चार-पाच बिंदू जबड्यावर आधीच खुणावून ठेवा आणि प्रोबचे टोक त्यांवर ठेवून चित्रातील जागेशी फरक मोजा. डोके हलवून, वाकून, दिवा लावून आणि बंद करून, असे प्रत्येक वेळी मोजा. विक्रेता यासाठी तयार नसेल तर तेच तुमचे उत्तर समजा.

माझी सूचना अशी, की चष्म्यापेक्षा साधा टॅबलेट किंवा फँटमवर स्टँडला जखडलेला कॅमेरा आणि शेजारी पडदा यांपासून सुरुवात करावी. स्कॅनवरून थ्रीडी स्लाइसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जबड्याचा आकार वेगळा काढता येतो आणि रेझिनमध्ये छापता येतो. नसेच्या कालव्याची जागा पोकळ ठेवून त्यात तांब्याची बारीक तार ओवली आणि ती एका सेलला व बझरला जोडून दुसरे टोक सुईला लावले, तर सुई किंवा बर तारेला लागताक्षणी आवाज होतो. यात दृष्टिभ्रमाला जागा नाही. चित्र काय सांगते आणि तार काय सांगते, दोन्ही शेजारी ठेवून विद्यार्थ्याला तपासता येतील.

इंटर्न_२०२०_तुकडी

सर आणि मॅडम, मी विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहितो आहे.

पहिल्या वर्षी आम्ही मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरत असू. पहिली दाढ कोरताना सकाळचे तीन तास संपत, बोटांना मेणाचा वास राही आणि शेवटी कस्प (दाढेचे उंच टोक) एका बाजूला झुकलेली असे. तेव्हा कंटाळा येई. पण दाढेचा आकार मला आज डोळे मिटूनही आठवतो तो त्या ठोकळ्यांमुळे. म्हणून मेणकाम कमी करून त्या जागी फिरणारे चित्र आणावे, असे कोणी म्हणत असेल तर कृपया तसे करू नये.

एका शहरात अल्पकालीन प्रशिक्षणात मला संगणकाधारित सराव करायला मिळाला. हँडपीसचा माग कॅमेरा ठेवत होता आणि शेजारच्या पडद्यावर दाताचा काप व खोली जिवंत दिसत होती. डेंटसिम या नावाने ओळखली जाणारी प्रणाली याच प्रकारची आहे. त्या दोन दिवसांत माझ्या कॅव्हिटी इतक्या अचूक होत होत्या की मला स्वतःचा अभिमान वाटला. परत येऊन साध्या फँटमवर बसलो, तर मान आपोआप उजवीकडे, पडदा असायचा त्या दिशेला वळत होती. समोर पडदा नव्हता आणि खोलीचा अंदाजही नव्हता. मी प्रोब घ्यायलाही विसरलो, कारण त्या दोन दिवसांत प्रोबची गरजच पडली नव्हती. फिंगर रेस्टसुद्धा (हात स्थिर राहावा म्हणून बोट टेकवणे) ढिला झाला होता. त्या यंत्रात तळ, भिंती, कोन या सगळ्यांना गुण होते. अनामिका शेजारच्या दातावर टेकली आहे की नाही, याला गुण नव्हते.

यंत्र वाईट होते असे माझे म्हणणे नाही. एक लाभ मला कायमचा झाला: माझा बर प्रत्येक वेळी मागच्या बाजूला कलतो, हे तोपर्यंत कोणत्याच शिक्षकाला एवढ्या मुलांच्या गर्दीत दाखवता आले नव्हते आणि यंत्राने ते पहिल्या तासात दाखवले.

फँटमलॅब_कोल्हापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. इंटर्न डॉक्टरांनी लिहिलेला मान वळण्याचा प्रसंग वाचून मला माझ्या शंकेला जणू नाव मिळाले. आता असे विचारते: चित्र दाखवायचे हे मान्य केले, तर ते केव्हा दाखवावे आणि केव्हा काढून घ्यावे, याला काही आधार आहे का, की प्रत्येक शिक्षकाने आपापल्या अंदाजाने ठरवायचे?

निवृत्त_प्राध्यापक

मॅडम, आधार आहे आणि तो दंतवैद्यकाच्या बाहेरचा, हालचालींच्या शिक्षणाच्या अभ्यासातला आहे. १९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले, की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला तर सरावाच्या वेळी कामगिरी उत्तम दिसते; पण नंतर काहीच न सांगता परीक्षा घेतली, तर ज्यांना कमी वेळा निकाल सांगितला होता तेच पुष्कळदा अधिक चांगले करतात. शिकणारा बाहेरच्या मार्गदर्शनावर विसंबतो आणि स्वतःच्या हाताकडून येणारी माहिती, म्हणजे बरचा दाब, आवाजातील बदल, प्रोबचा स्पर्श, वाचायचे सोडून देतो. एआरमध्ये तर निकाल प्रयत्नानंतर नव्हे, प्रयत्न चालू असतानाच सतत डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे हा धोका कमी नव्हे, वाढतोच.

माझ्या अनुभवानुसार क्रम असा असावा. रोटर हाती घेण्यापूर्वी चित्र पाहू द्यावे, अगदी मनसोक्त: पल्प कुठे आहे, त्याची शिंगे किती वर येतात, कॅनल कोणत्या दिशेला वळतात. मग चित्र बंद. कॅव्हिटी झाली की विद्यार्थ्याने आधी जर्नलमध्ये पेन्सिलीने स्वतःचा अंदाज लिहावा, मग प्रोबने मोजावे, आणि सर्वांत शेवटी चित्र पुन्हा लावून पाहावे. अंदाज लिहिण्याआधी चित्र दाखवले तर ती केवळ करमणूक होते. आमच्या लहानपणी गुजरीतले सोनार काका नव्या पोराला दागिना आधी तळहातावर तोलायला लावत आणि मगच तराजूत घालू देत, ते आठवले.

भुलेच्या बाबतीत मात्र मी थोडा अधिक उदार राहीन, कारण तिथे पहिला प्रयत्नच जिवंत माणसावर होतो आणि पुष्कळ ठिकाणी तो वर्गमित्र असतो. फँटमवर सुई जात असतानाही पहिले काही प्रयत्न चित्रासह करू द्यावेत. परीक्षा मात्र दोन आठवड्यांनंतर, चित्राशिवाय आणि शक्य असल्यास बझरच्या जबड्यावर घ्यावी. त्याच दिवशी घेतलेल्या परीक्षेत सगळेच हुशार दिसतात. तुमच्या तुकडीचे दोन भाग करून एका भागाला कॅव्हिटीसाठी आणि दुसऱ्याला भुलेसाठी आधी चित्र द्यावे व पुढच्या सत्रात अदलाबदल करावी, म्हणजे कोणाचेच नुकसान होणार नाही आणि तुमच्याजवळ तुमच्याच मुलांचे आकडे जमतील.

फँटमलॅब_कोल्हापूर

मी लेखी मत दिले आहे. या वर्षी चष्मे घेऊ नयेत; त्या निधीतून दोन टॅबलेट, स्टँड, रेझिनचे जबडे आणि ते छापण्याचा खर्च मंजूर करावा, आणि पुढील वर्षी चष्म्यांचा विचार करायचा झाल्यास विक्रेत्याने आमच्या फँटमवर, आम्ही खुणावलेल्या बिंदूंवर चूक मोजून दाखवावी, असे लिहिले. उद्यमनगरकरांनी पहिला जबडा छापून दिला, त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे.

सोमवारी खालच्या पहिल्या दाढेवर सुरुवात केली. मागे लिहिले होते त्याच विद्यार्थिनीने कॅव्हिटी करून जर्नलमध्ये अंदाज लिहिला १.८, प्रोबने भरले २.५. मग टॅबलेटवर पल्पचे लाल चित्र लावून पाहिले, तेव्हा तळ मागच्या बाजूला उतरता झाला आहे, हे मी बोट दाखवण्याआधी तिनेच सांगितले आणि रोटर कसा धरला होता ते हवेतच पुन्हा धरून पाहिले.

एक अडचण मात्र उरली आहे. वरच्या दाढांवर आम्ही तोंडातल्या आरशात बघून काम करायला शिकवतो. टॅबलेटवरचे चित्र दातावर दिसते, आरशातल्या प्रतिबिंबावर दिसत नाही. मुले आरसा सोडून वाकून थेट दात पाहू लागली आहेत आणि ही सवय मला अजिबात नको आहे. यावर काही करता येईल का?

उद्यमनगरकर

मॅडम, आरशातही चित्र उमटवायचे असेल तर आरशाच्या दांड्यावर स्वतंत्र ठसा लावून त्याचाही माग ठेवावा लागेल आणि प्रत्येक क्षणी प्रतिबिंब उलटे करून काढावे लागेल. गणित अवघड नाही. पण आरसा लहान असतो, सतत हलतो, त्यावर पाणी उडते आणि ठसा बोटांआड जातो. दोन ठशांच्या चुका एकत्र येतात, त्यामुळे सरावाला पुरेल इतकी अचूकता मला आज तरी मिळणार नाही. तोवर वरच्या दाढांसाठी चित्र फक्त सुरुवातीला, जबडा फँटममधून काढून हातात धरून दाखवावे, आणि जबडा फँटममध्ये बसवला की टॅबलेट कपाटात ठेवावा. वरच्या जबड्याची फाइल तयार आहे. शनिवारी दुपारनंतर युनिटवर आलात तर छापलेला जबडा आणि मोजमापासाठी डिजिटल व्हर्नियर दोन्ही देतो.